चर्चमधला फिल्मीपणा, हलगी आणि पेनड्राइव्ह

नोव्हेंबर लागला की आमच्या चर्चमध्ये दोन गोष्टी हमखास सुरू होतात, एक नाताळची वर्गणी आणि दुसरं भांडण. भांडण म्हणजे डोकी फोडण्यातलं नाही, उपासना सुटल्यावर बाहेर चपला घालता घालता जे चालतं ते. यावर्षी विषय आहे एलईडी वॉल. तरुण संघाचं म्हणणं असं की नाताळच्या कार्यक्रमाला स्टेजच्या मागं एलईडी लावू, गाण्याचे शब्द त्यावर येतील, मागं बर्फ पडताना दिसेल (जालन्यात बर्फ, पण असो) आणि गाणी ट्रॅकवर म्हणू (म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं संगीत लावून), म्हणजे वाजवणाऱ्यांची कटकट नको. तर आमच्यातले एक मोठे काका, रिटायर मास्तर, ते सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "चर्चमध्ये हा फिल्मीपणा कामून आणायलेत रे तुम्ही?" झालं. तिथून पुढं अर्धा तास कुणी घरी गेलं नाही.

काकांचा मला राग येत नाही, माणूस भला आहे, शब्बाथ शाळेत (चर्चच्या रविवारच्या शाळेत) मला दहा आज्ञा त्यांनीच पाठ करून घेतल्यात. पण फिल्मीपणा आत्ता यायलाय असं ते म्हणतात ना, ते काही मला पटत नाही. तो कधीचाच येऊन बसलाय, आपल्याच घरात, भिंतीवर.

आमच्या हॉलमध्ये येशूचा एक फोटो आहे, तपकिरी रंगाचा, लांब केस, नजर जरा वर, चेहऱ्यावर उजेड. तुमच्याही घरी असेल, नसला तर मावशीच्या घरी असेल, खाली छोटा लाल बल्ब लावलेला. मला लहानपणी वाटायचं हा येशूचा खराच फोटो आहे, कुणीतरी तेव्हा काढून ठेवलेला. नंतर कळलं की हे चित्र वॉर्नर सॉलमन नावाच्या शिकागोच्या चित्रकारानं १९४० साली काढलंय, आणि तो धंद्यानं जाहिरातींची वगैरे चित्रं काढणारा माणूस. अमेरिकेत त्याच्या कोट्यवधी प्रती छापल्या गेल्या, सैनिकांच्या खिशात गेल्या, कॅलेंडरवर गेल्या, आणि फिरत फिरत एक आमच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटच्या खाली येऊन बसली. म्हणजे ज्या फोटोकडं बघून आमच्या आजीनं आयुष्यभर प्रार्थना केली तो एका जाहिरातवाल्याच्या हातचा आहे. आजीच्या प्रार्थनेत त्यानं काय कमी झालं? माझ्या मते काहीच नाही.

आणि मी स्वतः डोळे मिटले तर मला तो फोटो दिसतच नाही. मला दिसतो तेलुगू सिनेमातला हिरो.

'दया सागर' ज्यांनी बघितलाय त्यांना कळलं असेल. मूळचा तेलुगू 'करुणामयुडू', १९७८ सालचा, त्यात विजयचंदर नावाचा नट येशू झालाय, आणि त्याचीच हिंदी करून गावोगाव दाखवायचे. आमच्या मामाच्या गावाला, परतूरच्या पुढं, मिशनवाले गाडी घेऊन यायचे, गाडीत प्रोजेक्टर, जनरेटर आणि रिळांचे पत्र्याचे डबे. मारुतीच्या पाराजवळ दोन बल्ल्या रोवून पांढरा पडदा बांधायचे आणि अंधार पडायच्या आत निम्मं गाव पोतं टाकून जागा धरून बसलेलं असायचं. गर्दी इतकी की निम्मे लोक पडद्याच्या मागून बघायचे, त्यांना सगळं उलटं दिसायचं, येशू डाव्या हातानं आशीर्वाद देतोय. रीळ बदलायला थांबलं की पोरं लाइटच्या झोतात हात घालून पडद्यावर ससे आणि कुत्री करायची आणि कुणीतरी म्हातारं काठी घेऊन मागं लागायचं. पण क्रूस खांद्यावर घेतल्यापासून पुढं मात्र एकदम चिडीचूप. बाया डोळ्याला पदर लावून रडायच्या, आमच्या वस्तीतल्याच नाही, सगळ्या गावातल्या, त्यात पाटलाच्या घरच्यापण. आणि एका आजोबांनी तर पडद्यापुढं नारळ फोडला होता, मिशनवाल्या साहेबाला काय करावं ते कळेना, तो नुसता हात जोडून उभा. मामा म्हणायचा, फोडू दे की, त्याची रीत आहे ती.

तेव्हापासून माझ्या डोक्यात येशू हिंदीत बोलतो, डब केलेल्या आवाजात. पाळकसाहेब वधस्तंभाचा उतारा वाचतात तेव्हापण मला तोच माणूस चालताना दिसतो. हे मी एकदा पाळकसाहेबांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले मलापण. आता सांगा, याच्यापेक्षा फिल्मी काय असतं?

उलट्या बाजूनं बघितलं तर सिनेमानं आपल्याला फार काही बरं दिलेलं नाही, हेही आहे. हिंदी सिनेमातला ख्रिश्चन म्हणजे फ्रॉक, वाइन, मेणबत्ती आणि "अरे मॅन". मी कॉलेजला औरंगाबादला होतो (आता संभाजीनगर म्हणायचं, तोंडात बसायलंय हळूहळू), तर हॉस्टेलच्या रूमपार्टनरला मी ख्रिश्चन आहे हे कळल्यावर त्यानं पहिला प्रश्न केला, मग तुझं आडनाव साळवे कसं काय? दुसरा प्रश्न, तुम्ही फादरकडं जाऊन त्या जाळीच्या खोक्यात पाप सांगता का? त्याला सांगितलं बाबा, आमच्यात ते खोकं नसतं, ते कॅथलिक लोकांत, आम्ही सीएनआयवाले, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे १९७० साली उत्तर भारतातले सहा चर्च एक होऊन जे झालं ते, आमच्याकडं फादरपण नसतो, पाळक असतो, त्याला बायकापोरं असतात आणि त्याचीपण पोरगी दहावीला असते. तो म्हणाला, मग पिक्चरमध्ये तर… 'अमर अकबर अँथनी' १९७७ चा, आणि अजून लोकांच्या डोक्यात ख्रिश्चन म्हणजे बांद्र्याचा अँथनी. बोरीबाभळीतून डोक्यावर पदर घेऊन उपासनेला येणारी, येताना शेतातल्या तुरीच्या शेंगा पाळकीणबाईंसाठी आणणारी बाई कुठल्या पिक्चरमध्ये ख्रिश्चन म्हणून दाखवलीय? मी तरी नाही बघितली. त्या रूमपार्टनरला नंतर नाताळला घरी आणला. करंज्या, शंकरपाळे, चकल्या बघून तो म्हणाला, हे तर दिवाळीचंच फराळ आहे. मग काय केक असणार होता का आमच्याकडं तेव्हा, ओव्हन कुणाकडं होतं.

तर मुद्दा, काकांची भजनं. काकांना वाटतं 'उपासना संगीत' या आमच्या भजनांच्या पुस्तकातली भजनं म्हणजे शुद्ध, जुनं, पवित्र, आणि पोरं म्हणतात ती यूट्यूबवरची गाणी म्हणजे बाजार. आता त्या भजनांतली किती तरी रेव्हरंड टिळकांची आहेत. नारायण वामन टिळक, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, आणि त्याआधी आपल्याकडं बरीचशी गीतं साहेबांच्या चालीवर मराठी शब्द ठोकून बसवलेली असायची, गाताना जीभ अडखळायची. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली, टाळ-मृदंग आणला, ख्रिस्ताला माउली म्हणाले. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडं आलो असं ते सांगायचे. तेव्हापण कुणीतरी रिटायर मास्तर असणारच ना, जो म्हणाला असेल की चर्चमध्ये हे भजनीमंडळ कामून आणायलेत. आणि लांब कशाला जायचं, आपल्या पैठणला नाथांनी काय केलं? वाघ्या, गोंधळी, जोगवा मागणारी, बाजारात जे जे चालू होतं ते सगळं उचललं आणि भारुडात घातलं. गिटार चर्चमध्ये नको म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की 'शांत रात्र' हे जे आपण २४ तारखेला मेणबत्त्या लावून गातो ना, ते १८१८ साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात पहिल्यांदा गायलं तेच मुळी गिटारवर. यावर काका म्हणतात, ते ऑस्ट्रियात. आता यावर काय बोलणार.

पण एका ठिकाणी काकांपुढं माझंपण तोंड बंद होतं आणि ते म्हणजे हलगी.

मागच्या नाताळला कॅरलच्या फेरीत पोरांनी हलगी आणली. रील्सवर सध्या हलगी लई चालते, पोरांनी बघून बघून शिकली, दोघं तर खरंच भारी वाजवतात. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका घरापुढं शेकोटी होतीच, तिथं त्यांनी ती शेकली, टणक झाली, आणि टिपरू पडलं तसं अख्खी गल्ली बाहेर आली. शेजारच्या मुसलमान घरातली पोरंपण नाचायला लागली. मलापण राहवलं नाही, वय विसरून दोन ठेके धरले. आणि वळून बघतो तर काका नाहीत. ते तिथूनच घरी निघून गेले होते.

मला वाटलं, झालं, आता फिल्मीपणावर भाषण. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्यांच्या घरी सलाम करायला गेलो. काकूंनी चहा दिला, काका बराच वेळ पेपरच वाचत बसले. मग म्हणाले, "तुला माहितीय का, माझ्या आज्यानं हलगी खाली ठेवली तेव्हा गावात काय झालं होतं?" मला माहिती नव्हतं. त्यांचा आजा गावचा वाजवणारा. लग्न असो, मयत असो, जत्रा असो, दुसऱ्याच्या दारात उन्हात उभं राहून वाजवायचं, आत जायचं नाही, आणि मिळेल ते लांबून पदरात घ्यायचं. तो आजा मिशनच्या शाळेत गेला, बाप्तिस्मा घेतला आणि मग एकदा लग्नाला बोलावणं आलं तर म्हणाला, नाही येत. गावानं बलुतं बंद केलं. घर बेथेलच्या पाहुण्यांकडं येऊन राहिलं, तेच बेथेल, जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं ख्रिस्ती लोकांचं गाव, निजामाच्या राज्यात. "आमच्यासाठी हलगी म्हणजे वाद्य नव्हतं," काका म्हणाले, "ते दुसऱ्याचं दार होतं."

आता बघा, इतकी वर्षं मी समजत होतो की चर्चमध्ये ढोलकी चालते, तबला चालतो, पेटी चालते आणि हलगी चालत नाही ते जुन्या लोकांच्या साहेबी खुळामुळं. काही ठिकाणी ते असेलही. पण आमच्याकडं ती कुणीतरी हिंमत करून खाली ठेवलेली होती, आणि हे पोरांना कुणी सांगितलंच नाही, पोरांना ती थेट मोबाइलमधून मिळाली, लाइक आणि कमेंटसकट. त्यांच्या हातात तिच्यात अपमान नाहीच. ज्या पोरानं ती वाजवली त्याला मी काकांची गोष्ट सांगितली तर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग आता तर आपल्याच दारात वाजवू की, कुणाच्या बापाचं काय जातंय." हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं नाही, कुणाच्या बापाचं हे गाळून सांगितलं. काका हो म्हणाले नाहीत. पण नाहीपण म्हणाले नाहीत, आणि मास्तर माणूस नाही म्हणायला कधी कचरत नाही हे आम्हा सगळ्यांना माहितीय.

माझं विचाराल तर मला हलगी पाहिजे, चर्चच्या आत पाहिजे, नाताळलाच नाही, कापणीच्या सणालापण पाहिजे. आणि मला ट्रॅक नको. ह्याच्यात विसंगती काहीच नाही. एलईडी लावा, बर्फ पाडा, मला काही देणंघेणं नाही, पैसे कोण देणार तेवढं बघा. पण ट्रॅक लावला की काय होतं ते मी मागच्या दोन-तीन रविवारी बघितलंय, तरुण संघाला एक गाणं दिलेलं असतं म्हणून. ब्लूटूथवरून गाणं सुरू होतं, समोर चार पोरं माइक घेऊन, हिंदी गाणं, सूर उंच, मधेच दोन ओळी इंग्लिश, मग वीस सेकंद नुसतं म्युझिक, आणि मंडळी? मंडळी बघत बसते. तिसऱ्या ओळीत आमच्या एक आजी बसतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वाचायला कधीच येत नव्हतं, पण शंभरेक भजनं पाठ. पेटीवाल्यानं सूर दिला की त्या पहिल्या शब्दाला पकडतात, कधीकधी पेटीच्या आधीच, आणि मग पेटीवाल्याला त्यांच्या मागं जावं लागतं. एखादं कडवं त्यांना आवडलं तर त्या ते परत म्हणतात, आणि सगळे परत म्हणतात, कारण काय करणार. ट्रॅक आजींसाठी थांबत नाही. ट्रॅकला कडवं परत घेता येत नाही. त्या दिवशी आजी हातातला रुमाल घडी करत बसल्या होत्या, पूर्ण गाणं होईपर्यंत, आणि संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तशा त्यांनीपण वाजवल्या. चर्चमध्ये गाणं झाल्यावर टाळ्या. मला तिथं टोचलं. टाळ्या ऐकणारा वाजवतो ना.

आणि हे काकांनापण लागू आहे बरं का, कारण त्यांच्या शुद्ध भजनातपण हल्ली तेच होतं, एकटे काका डोळे मिटून आलाप घेतात आणि बाकीचे घड्याळ बघतात. त्यांना कुणी तोंडावर सांगत नाही एवढंच.

हलगीला मात्र माणूस लागतो, तिच्याभोवती चार माणसं लागतात, शेकायला जाळ लागतो. ती एकटी पेनड्राइव्हमधून वाजत नाही. (रील्समध्ये वाजते, माहितीय, पण तुम्ही मुद्दा धरा.) यूट्यूबवरची गाणीपण मला चालतील, त्यातली दोन-तीन तर मला लई आवडतात, गाडीत ऐकतो मी, फक्त ती खाली उतरवून घ्या, आजींच्या सुरात, पेटीवर बसवा, इंग्लिश ओळी काढून टाका, आणि आधी दोन रविवार मंडळीला शिकवा. टिळकांच्या भजनांनापण कुणीतरी असंच बसून चाली शिकवल्या असतील लोकांना, आपोआप थोडीच पाठ झाली.

कमिटीची मीटिंग येत्या रविवारी उपासनेनंतर आहे. विषय तीन, एलईडीचं भाडं, फराळाला तेलाचे डबे किती आणि हलगी गेटपर्यंत का आतपर्यंत. पाळकसाहेबांनी काकांना शेजारी बसायला सांगितलंय, म्हणजे काहीतरी ठरवूनच आलेत ते. मी काय बोलणार ते वर लिहिलंच आहे. आणि तरुण संघातलं कुणी हे वाचत असेल तर येताना हलगी आणा, पेनड्राइव्ह घरीच ठेवा.