काचेची ओली बाजू

गेल्या जुलैत ठाण्यातील आमच्या घराच्या निजायच्या खोलीतील खिडकी पहाटे इतकी धुरकट होऊ लागली की समोरची इमारत तर सोडाच, बाहेरचे गजसुद्धा धड दिसेनात. दोन दिवस मी सुती पंचाने काच आतून पुसत राहिले. काचही कोरडी, पंचाही कोरडा, आणि धुके मात्र जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी तावदान सरकवून बाहेरच्या अंगाने बोट फिरवले, तेव्हा कुठे पाण्याची रेघ उमटली.

तोपर्यंत इंग्लंडात लीड्सला राहणाऱ्या ताईचा सल्लाही अमलात आणून झाला होता. तिच्याकडे हिवाळाभर हाच त्रास असल्यामुळे तिने अधिकाराने सांगितले होते, “अगं, उठल्याउठल्या दहा मिनिटं खिडक्या उघड, आणि पडदे ओढून झोपत जाऊ नकोस.” एसी बंद करून मी खिडकी उघडली, आणि पाचेक मिनिटांत काचेची आतली बाजू, कपाटाचा आरसा आणि पायाखालची फरशीही ओलसर झाली.

ताईचे चुकले नव्हते. तिची काच आतून ओली होती आणि माझी बाहेरून. हवा थंड झाली की तिच्यात मावणारी वाफ कमी होते : २० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ राहू शकते, १० अंशांना जेमतेम साडेनऊ. तिच्या खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर काच १२ अंशांच्या खाली जाताच तिच्यावर आतून पाणी धरते. बाहेरच्या गारठलेल्या हवेत मुळात वाफच थोडी असल्याने खिडकी उघडली की घरातली ओल बाहेर पडते. आमच्याकडे पावसाळ्यातल्या पहाटे बाहेर २७ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असते, म्हणजे काच २६ अंशांपर्यंत उतरली तरी पुरे. आणि मी तर एसी २२ वर ठेवून त्याचा झोत थेट खिडकीवर सोडला होता. अशा गार खोलीत बाहेरची हवा घेणे म्हणजे दवाला घरात बोलावणेच.

पडद्याचेही असेच उलटे आहे. हिवाळ्यात जाड पडदा खोलीची ऊब काचेपर्यंत पोहोचू देत नाही, त्यामुळे काच अधिक गार पडून अधिक भिजते. एसीच्या खोलीत तोच पडदा गारवा काचेपासून दूर ठेवतो आणि काच कोरडी राहायला मदत होते. मी झोताची दिशा बदलली, तापमान २६ वर नेले आणि पडदा पूर्ण ओढून घेऊ लागले. वारा पडलेल्या रात्री अजूनही थोडे दव धरते, पण ते बाहेरच्या अंगाला असल्यामुळे मी त्याच्या वाटेला जात नाही.

स्वयंपाकघरातील खिडकीकडे मात्र काणाडोळा करता येत नाही, कारण तिथले पाणी आतले असते आणि रबराच्या कडेने काळी बुरशी धरते. कुकरची वाफ डोळ्यांना दिसते. गॅस जळतानाही पाण्याची वाफ तयार होते हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. एक किलो एलपीजी जळाला की सुमारे दीड किलो पाणी तयार होते, म्हणजे १४.२ किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरांहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने त्या हवेत सोडले जाते. म्हणून एक्झॉस्ट पंखा गॅस पेटवण्याआधीच लावावा आणि स्वयंपाक उरकल्यावरही पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा. भात-भाजीवर झाकण असावे, हे आईचे सांगणे गॅस वाचवण्यासाठी होते, पण काचेलाही ते मानवते.

ताईच्या जिन्यातील दुहेरी काचेची खिडकी मात्र कोणत्याच उपायाला दाद देत नव्हती. तिथे आतून बोट फिरवले तरी कोरडे आणि बाहेरून फिरवले तरी कोरडे, कारण कडेचे सील निकामी होऊन ओल दोन काचांच्या मध्ये शिरली होती आणि तिथली ओल शोषणारे दाणे केव्हाच भिजून गेले होते. अखेर तिने जुनी चौकट तशीच ठेवून काचांची ती जोडी बदलून घेतली.