हिरवा होत नाही तोपर्यंत

दोन दिवस झाले, डोक्यातून एक शब्द जात नाही. 'नोन', म्हणजे इटालियनमधला 'नाही'. तो लिहायला मी विसरले असं झालं नाही. तिथं तो लागतो, हेच मला ठाऊक नव्हतं.

इटलीतल्या बोलोन्याच्या आसपास पॅकिंगची यंत्रं बनवणारे इतके कारखाने आहेत की या पट्ट्याला 'पॅकेजिंग व्हॅली'च म्हणतात. त्यातल्याच एकात मी आहे. मूळ सूचना इंग्रजीत होती : दिवा हिरवा होईपर्यंत बटण दाबून धरा. 'अंटिल'साठी शब्दकोशात 'फिंके' सापडला आणि मी लिहिलं, 'फिंके ला स्पिया ए वेर्दे'. कागद यंत्रावर लागला. त्याचा अर्थ होता, दिवा हिरवा आहे तोपर्यंत बटण दाबून धरा. सकाळच्या पाळीतला नवा मुलगा दिवा हिरवा व्हायची वाट बघत उभा राहिला, आणि बटण दाबल्याशिवाय दिवा हिरवा होणार नव्हता. अर्धी पाळी गेली.

साठीच्या घरातले एक फिटर आले. खिशातलं पेन काढलं आणि माझ्या वाक्यात मधेच 'नोन' लिहिलं : 'फिंके ला स्पिया नोन ए वेर्दे'. वर कुणाकडे तक्रार नाही, आवाज चढवणं नाही. फक्त दोन्ही वाक्यं मला सावकाश वाचून दाखवली.

आणि मला नळ आठवला. 'पाणी आहे तोपर्यंत भरून घे' आणि 'जोपर्यंत पाणी येत नाही तोपर्यंत हलू नको', या दोन वाक्यांतला फरक लातूरकडच्या पोराला शिकवावा लागतो का? 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमचं घर या दुसऱ्याच वाक्यावर जगत होतं. इंग्रजी फक्त वाट संपते तो क्षण दाखवते. मराठी आणि इटालियन मधला सगळा काळ मोजतात, तो 'नाही'चा काळ आहे असं सांगतात. आपल्याकडं 'येईपर्यंत', 'येईस्तोवर' असंही चालतं, ते खरं. पण 'जोपर्यंत' म्हटलं की 'नाही' आपोआप तोंडात येतं.

एवढंच नाही. 'वेळ मिळेल तेव्हा' यातलं 'मिळेल' भविष्यकाळी. इटालियनही 'क्वांदो आव्रो तेम्पो' म्हणतं, तेही भविष्यकाळीच. इंग्रजी मात्र तिथं वर्तमानकाळ वापरते. क्लासमध्ये वर्षभर मी ही जागा चुकत होते, कारण प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत मांडायचे आणि मग वळवायचे. घरातून सरळ रस्ता असताना मी गावाला वळसा घालत होते! मराठीचा परदेशात काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना मला हे सांगायचंय. माझी अर्धी पाळी मराठीनं वाचवली असती.

तरी भाच्याला इंग्रजी शाळेत घाला, हे मीच सांगितलं होतं आणि ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. इंग्रजी नसती तर मी औशाहून बोलोन्याला पोचलेच नसते. फक्त मराठी सोडून देऊन पोचायची गरज नव्हती, हे मला आता कळतंय.

रात्री बाबांना फोन केला. शेजारच्यांनी पहिल्याच सरीवर सोयाबीन पेरलंय. बाबा म्हणाले, "जोपर्यंत शंभर मिलिमीटर होत नाही, तोपर्यंत चाड्यावर मूठ धरायची नाही. दुबार पेरणीचं बियाणं कोण देणार?" दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ते वाक्य त्या फिटरकाकांना इटालियनमध्ये सांगितलं, मराठीतून थेट, 'नोन'सकट. त्यांनी एकही शब्द दुरुस्त केला नाही. त्यांच्या वडिलांची पो नदीकाठी शेती होती म्हणे. किती पाऊस लागतो, जमीन काळी की तांबडी, सगळं विचारून घेतलं.

आता भेटले की आधी तेच विचारतात, "आ पियोवुतो?" पाऊस पडला का?

आज सकाळीही विचारलं. "नोन आंकोरा," मी म्हटलं. अजून नाही.