खून झाला, पण जमीन कुणाच्या नावावर?

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्यावर मराठी पाहुण्यांना घेऊन गेलं की सगळ्यांना आधी ती खिडकी हवी असते, जिथून राजाने खून केलेल्या अर्लला, म्हणजे बड्या सरदाराला, खाली फेकलं असं सांगतात. ‘इथूनच खाली टाकला ना?’ त्या दिवशीही तेच. समोरची जुनी इमारत राजा चौथ्या जेम्सने १४९० च्या दशकात बांधली, खून २२ फेब्रुवारी १४५२ चा. फोटो काढा खुशाल, पण खिडकी ती नव्हे.

मग प्रकरण सांगितलं. राजा दुसरा जेम्स, वय एकवीस. डग्लसचा आठवा अर्ल विल्यम अभयपत्रावर, आपल्या भाषेत कौलावर, भेटीला आलेला. क्रॉफर्ड आणि रॉसच्या अर्लांशी त्याने एकमेकांना साथ देण्याचा करार केला होता. नकाशा उघडला की राजाची झोप का उडाली ते कळतं: रॉस उत्तरेला, क्रॉफर्ड पूर्वेला, डग्लस दक्षिणेला. रात्रीच्या जेवणानंतर राजा म्हणाला करार मोड, अर्ल म्हणाला नाही मोडत. राजाने स्वतः सुरा चालवला, पुढचं दरबाऱ्यांनी उरकलं. जुन्या वृत्तांतात सव्वीस जखमा आहेत.

गटात तलाठी म्हणून निवृत्त झालेले एक काका होते. म्हणाले, ‘ते ठीक आहे हो, पण जमीन कुणाच्या नावावर चढली?’ हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

राजाच्या नाही! वारस भाऊ जेम्स, नववा अर्ल. महिन्याभरात तो सहाशे माणसं घेऊन आला, तेच अभयपत्र घोड्याच्या शेपटीला बांधून फरफटवलं आणि स्टर्लिंग गाव जाळलं. जूनमध्ये संसदेने ठरवलं की मेलेला अर्लच स्वतःच्या मृत्यूला कारण. राजा सुटला, पण वतन हललं नाही. उलट १४५३ मध्ये नवव्या अर्लने भावाची विधवा मार्गारेट हिच्याशी लग्न करावं, याला राजानेच पाठिंबा दिला. दक्षिणेतला गॅलोवे प्रांत तिच्या वारशाचा, म्हणजे तो तुकडाही पुन्हा घरातच.

निकाल लागला १४५५ मध्ये. नववा अर्ल इंग्लंडला निघून गेलेला; १ मेला आर्किनहोमच्या लढाईत त्याचे भाऊ हरले; त्यांतला मरे प्रांताचा अर्ल पडला, ऑर्मंडच्या अर्लला पकडून मारलं. डी नदीतल्या बेटावरच्या थ्रीव्ह या डग्लसांच्या किल्ल्यापुढे राजाने मोठी तोफ आणली, पण किल्लेदाराला पैसेही चारावे लागले. जूनमध्ये जप्ती. ऑगस्टच्या कायद्याने गॅलोवे, एट्रिकचं जंगल आणि थ्रीव्ह राजखात्यात गेले. संसदेच्या संमतीशिवाय ते कुणाला बहाल करायचे नाहीत.

काकांनी बोटांवर हिशेब केला. ‘म्हणजे फेरफार मंजूर व्हायला साडेतीन वर्षं. आमच्या तालुक्यात याहून जास्त लागलीत.’