आईचे ९० दिवस

लेक झाली तेव्हा आई पुण्याहून गोथेनबर्गला आली होती. व्हिजिटर व्हिसाचे ९० दिवस तिने पुरते वापरले: अळिवाचे लाडू, मालिश, रात्री बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा. विमानतळावर म्हणाली, "आता कसं निभावणार गं तुम्ही दोघं?"

निभावलं, ते बरंचसं इथल्या रजेमुळे. स्वीडनमध्ये एका बाळामागे आईबाबांना मिळून ४८० दिवस मिळतात. त्यातले ३९० दिवस पगाराच्या साधारण ८० टक्के (त्याला वरची मर्यादा आहे), उरलेल्या ९० दिवसांचे रोजचे १८० क्रोनर. ही रजा १९७४ पासून दोघांसाठी आहे, तरी वर्षानुवर्षं ती बहुतेक बायकाच घेत. मग १९९५ मध्ये एक महिना प्रत्येकासाठी राखीव झाला. आता ९० दिवस बाबाचे आहेत. त्याने नाही घेतले तर ते बुडतात, मला देता येत नाहीत.

लेक दहा महिन्यांची झाल्यावर मी ऑफिसला गेले आणि नवरा सहा महिने घरी राहिला. पहिल्या आठवड्यात त्याचे सारखे फोन यायचे: खिचडी किती पातळ, झोपेची वेळ कुठली. महिन्याभराने फोन थांबले. आज तिच्या लसीची तारीख मला त्याला विचारावी लागते. नवरा माझा चांगलाच आहे, पण एवढ्यावर हे झालं नसतं. मी घरात नव्हते, म्हणून तो शिकला. पुण्यात माझ्या दादाला, खासगी नोकरीत, कायद्याने असा एकही दिवस नव्हता. वहिनीला २६ आठवडे मिळाले, आणि सोबतीला अख्खं घर.

ते अख्खं घर इथे नाही. मूल आजारी पडलं की 'वाब' घ्यायची, म्हणजे लेकराच्या आजारपणाची भरपाई मिळणारी रजा. फेब्रुवारीत इतकी घरं ती घेतात की लोक त्या महिन्याला 'वाब्रुआरी' म्हणतात. पण यंदा आम्ही तिघंही तापाने पडलो, तेव्हा रजा होती आणि उठून पेज करणारं कुणी नव्हतं. मराठी मंडळातल्या एक काकू बर्फातून ट्रामने आल्या, मऊ भात आणि मेतकुटाची बाटली ठेवून गेल्या. मी दाराशीच रडले.

जुलै २०२४ पासून आजी-आजोबांनाही ४५ दिवसांपर्यंत रजा देता येते, पण ते इथल्या विमा योजनेत हवेत. आईला ते लागू नाही. तिच्या व्हिसाचे कागद कालच पाठवले, जूनमध्ये येईल.