ऑइल कूलर बसवताना एका बोल्टने अडवलं

माझी २००२ ची होंडा सिटी व्हीटेक आता फक्त ट्रॅकवर पळते. मागच्या सीट काढल्यात, रोलकेज (उलटलीच तर जीव वाचवणारा पाइपांचा सांगाडा) घातलीय. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जरा दामटली की पाण्याचा काटा जागच्या जागी, पण तेलाचा १३५ अंशांच्या पुढे. दर वेळी पिटमध्ये येऊन गाडी थंड करत बसायचा वैताग आला, म्हणून ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचं तेल थंड करणारा छोटा रेडिएटर, लावायचा ठरवला.

निवड लवकर झाली. दीड लिटरच्या इंजिनाला १३ ओळींचा (तेलाच्या १३ नळ्यांचा) कूलर पुरतो. मोठा लावून मिरवू नका. तेल पुरेसं तापलं नाही तर त्यातला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही. त्यासाठीच सँडविच प्लेट, म्हणजे तेल कूलरकडे वळवणारी चकती, थर्मोस्टॅटवाली घ्या, ८० अंशांच्या आसपास कूलरची वाट उघडणारी.

गाडं अडलं ते या प्लेटच्या मधल्या बोल्टवर. प्लेट ऑइल फिल्टर आणि ब्लॉक यांच्या मध्ये बसते आणि हा बोल्ट तिला धरून ठेवतो: आतल्या आट्यांनी तो इंजिनाच्या स्टडवर चढतो, बाहेरच्या आट्यांवर फिल्टर बसतो. होंडाचे आटे एम२० बाय १.५, म्हणजे २० मिमी जाडीचे, दर दीड मिमीला एक आटा. ऑर्डरमध्ये मी तसं स्पष्ट लिहिलं होतं. आला तो पाऊण इंची, इंचाला १६ आट्यांचा. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, पण व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) लावला की बाहेरच्या आट्यांवर १९ मिमी दिसतात, २० नाही. इंजिनाच्या स्टडवर तो सुरुवातीलाच अडकला. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं, "थोडा जोर लावा, बसेल." जोर लावला असता तर स्टडचे आटे गेले असते!

परतीच्या फॉर्ममध्ये 'चुकीचे आटे' असं कारणच नव्हतं. 'आवडलं नाही' निवडलं तर परतीचा खर्च माझ्या माथी. फोटो पाठवले, पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायच्या दातेरी पट्ट्या) लावून पुन्हा पाठवले. त्यावर त्यांनी व्हिडिओ धाडला: त्याच बोल्टवर होंडाचा फिल्टर फिरून बसतोय, म्हणजे माल बरोबर! मला खरा संताप आला तो इथे. फिल्टर बसतोय कारण बोल्ट बारीक आहे. आटे जेमतेम टोकाला धरतात. थंड इंजिन सुरू होताना तेलाचा दाब पाच बारच्या वर सहज जातो, आणि अशी पकड तेव्हाच सुटते. सगळं तेल रस्त्यावर आणि इंजिन खलास. हे लिहून पाठवलं, तर "टेफ्लॉन टेप लावून बघा." बऱ्याच दिवसांनी बदली पाकीट आलं, त्यातही तोच बोल्ट.

शेवटी भोसरीतल्या एका टर्नर काकांकडे गेलो. त्यांनी जुन्या फिल्टरवर आटे ताडून पाहिले आणि ईएन८ पोलादाच्या सळईतून नवा बोल्ट कातून दिला, तेल परत जायला मधून आरपार भोक ठेवून. हाताने शेवटपर्यंत अलगद फिरला. इतकं समाधान अख्ख्या गाडीत दुसऱ्या कशाने दिलं नाही. प्लेट हातात आली की आधी बोल्टला व्हर्निअर लावा, पाकीट मग फेका.

कूलर मी रेडिएटरसमोर न लावता फॉग लॅम्पच्या जागेमागे रबरी बुशांवर लावला, तोट्या वर करून, म्हणजे हवा अडकत नाही. मागून हवा निघायला वाट हवीच, त्यासाठी चाकाच्या लायनरला खिडकी कापली. आता काटा ११० च्या आसपास थांबतो.

हो, पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर थोडा थोडा मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. कूलर आणि होज भरले की डिपस्टिकवर तेल खाली गेलेलं दिसेल, ते भरून घ्या. आणि स्टीलची जाळी असलेला होज जिथे पत्र्याला किंवा वायरिंगला लागतो तिथे रबर गुंडाळा. ती जाळी करवतीसारखी काम करते. या सिटीत फिल्टर इंजिनाच्या मागे आहे, त्यामुळे होजला पुढे यायला बराच वळसा पडतो आणि अशा जागा बऱ्याच निघतात.