बातमी शेठची नव्हती

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलवाल्या शेठच्या प्रसिद्धीचं काम माझ्याकडे आहे. जानेवारीत त्यांचं नवं दुकान उघडणार होतं. पेपरात फोटोसकट बातमी हवी, पण जाहिरातीला दमडी लावायची नाही, असा हुकूम.

"शेठ, उद्घाटनाची बातमी होत नाही. ती जाहिरात. चौरस सेंटिमीटरनं पैसे घेतात."

"मग तुम्हाला कशाला ठेवलंय?"

प्रश्न रास्त होता. अशा वेळी मी मालकाच्या केबिनमध्ये बसत नाही, कारखान्यात हिंडतो. मागच्या खोलीत अण्णा भेटले. जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची, पुठ्ठ्याची कार्डं हातानं पंच करत होते. बहुतेकांनी आता हे काम कॉम्प्युटरवर नेलंय. आलेखाच्या कागदावरचं चित्र बघायचं आणि एका बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, एक कार्ड पाडायचं. भोक असेल तिथला ताण्याचा उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. त्या वेळी ते सिद्धेश्वर मंदिराच्या वॉल हँगिंगची कार्डं पाडत होते. शिखर, तळं, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं आधी भोकांत. माझी बातमी तिथंच बसली होती, आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा तोंडावर आलेली.

यात्रेत बातमीदारांना दरवर्षी तेच सात नंदीध्वज, तोच अक्षता सोहळा, तीच गर्दी लिहायची असते. वेगळं काही दिलं तर त्यांनाही हवंच असतं. फक्त अक्षतेच्या दिवशी फोन करायचा नाही, चार-पाच दिवस आधी करायचा. आणि सकाळी अकराच्या सुमारास. संध्याकाळी पानं लागत असताना डेस्कला फोन करणाऱ्याचं नाव लक्षात राहतं, पण वाईट कारणासाठी.

शेठना मजकुरात 'हातमागाची परंपरा' घालायची होती. मी खोडलं. माग यंत्रावरचा, आणि सोलापुरात ज्याच्या घरात कुणी ना कुणी मागावर राबलंय त्या बातमीदाराला ही थाप पचणार नाही. चादरीच्या भौगोलिक मानांकनाचा परिच्छेदही काढला. ते २००५-०६ मध्येच मिळालंय. 'अग्रगण्य', 'दर्जेदार' वगैरे तर आधीच उडवलं. उरल्या चार ओळी: कोण, काय करतो, यात्रेशी संबंध काय, फोटो कधी काढता येईल. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकल्या नाहीत, यात्रा बघणाऱ्या एकाच बातमीदाराला पाठवल्या. सगळ्यांना दिलेली बातमी कुणाचीच नसते.

तो दुसऱ्या दिवशी आला. शेठ कडक इस्त्रीत दारात उभे. अण्णा मराठीत हो-नाहीच्या पुढे जाईनात. बातमीदारानं तेलुगूत सुरुवात केली आणि म्हातारा सुटला. पोरं या कामाला का येत नाहीत, इथपर्यंत गाडी आली.

"मजुरी किती मिळते?" बातमीदारानं मराठीत विचारलं.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच 'थांबवा याला' म्हणत होते. मी थांबवलं नाही. जाहिरातीत शब्द आपले असतात, बातमीत त्याचे; पैसे न देण्याची किंमत ती हीच. अण्णांनी आकडा सांगितला.

दोन दिवसांनी बातमी आली. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात अण्णांचा फोटो, हातात कार्डांची माळ. शेठचं नाव शेवटून दुसऱ्या ओळीत. मजुरीचा आकडा मात्र चौकटीत.

सकाळी सकाळी शेठचा फोन. "माझ्या कारखान्यात येऊन माझीच लाज काढली बे!" मी ऐकून घेतलं. दुपारी सूर बदलला होता. पुण्याहून, लातूरहून लोक वॉल हँगिंग मागत होते. दुकान कुठंय, हे कुणी विचारत नव्हतं. कार्डं पाडणारे आजोबा अजून करतात ना, एवढंच विचारत होते. बातमीदाराला चादरीची जोडी पाठवू का, असं शेठनी विचारलं. एक टॉवेलसुद्धा पाठवायचा नाही, हे त्यांना पटवायला बातमी छापून आणण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

मग एका लोकल चॅनलला बाइट हवा होता, तोही अण्णांचाच. शेठ म्हणाले, "मी बाजूला उभा राहिलो तर चालेल ना?"

म्हटलं, चालेल. पण या वेळी मजुरीचा प्रश्न आधीच येणार, तेव्हा त्याआधी काय ते ठरवा.