तुम्ही विचारलंत म्हणून : जैन माणूस आस्तिक की नास्तिक?

हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी येतो. विवेकवादी चळवळीत वावरणारे स्नेही विचारतात, "जग कोणी निर्माण केलेले नाही असे तुमचा धर्मच सांगतो, मग तुम्ही देवळात कशाला जाता?" नेमाने पंढरीची वारी करणाऱ्या शेजारच्या काकू विचारतात, "तुमच्यात म्हणे देवच मानत नाहीत, मग तो रोजचा अभिषेक कोणाला घालता?" दोघांनाही हवे असते ते एकच : मी कोणाच्या बाजूची आहे ते एकदाचे सांगून टाकावे. जिन्यात उभ्या उभ्या दिलेले उत्तर अर्धवटच राहते, म्हणून ते लिहून देते.

मी सांगली जिल्ह्यातल्या, घरी मराठी बोलणाऱ्या दिगंबर जैन कुटुंबातली आहे. जैन म्हटले की व्यापारी पेठच डोळ्यांपुढे येणाऱ्यांना कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊस पिकवणाऱ्या जैन शेतकऱ्यांची गावे ठाऊक नसतात. 2011च्या जनगणनेत देशात सुमारे 44.5 लाख जैन नोंदले गेले आणि त्यांतले जवळपास 14 लाख एकट्या महाराष्ट्रात होते; 2014 साली केंद्राने आम्हाला अल्पसंख्याक दर्जाही दिला. तरीही आस्तिक-नास्तिक वाद मराठीत रंगतो तेव्हा त्यात दोनच खुर्च्या मांडलेल्या असतात आणि दोन्हींवर बसणाऱ्यांनी 'देव म्हणजे जगाचा कर्ता' हे गृहीत धरलेले असते. एकाला तो मान्य असतो, दुसऱ्याला नसतो, इतकाच फरक.

त्या कर्त्यापुरते माझे उत्तर सरळ आहे. जगाला निर्माता नाही, ते अनादि आहे, आणि आपल्या सुखदुःखाचा हिशेब ठेवून न्याय देणारा कोणी वर बसलेला नाही, हे जैन दर्शनाचे मत आहे. ही आधुनिक शिक्षणाने आलेली पळवाट नव्हे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू आचार्य जिनसेन यांनी 9व्या शतकात महापुराण रचले, त्यात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेची उलटतपासणी आहे. जग निर्माण होण्यापूर्वी हा कर्ता कुठे होता? कशापासून त्याने जग घडवले? ती सामग्री आपोआप असू शकत असेल, तर जग आपोआप असायला हरकत कोणती? तो पूर्ण आणि कृतार्थ असेल तर त्याला निर्मितीची इच्छा का व्हावी, आणि अपूर्ण असेल तर कुंभाराहून त्याचे सामर्थ्य अधिक कसे? लीला म्हणून केले म्हणाल तर तो पोरखेळ ठरतो, करुणेने केले म्हणाल तर मग जगात दुःख का? आजच्या कोणत्याही नास्तिक वक्त्याला हे प्रश्न जसेच्या तसे वापरता येतील, आणि ते विचारणारा माणूस तीर्थंकरांची, म्हणजे मोक्षाचा मार्ग दाखवणाऱ्या आमच्या पूज्य पुरुषांची, चरित्रे लिहिणारा मुनी होता. याउलट आपल्याकडच्या मोठ्या बंडखोराने, महात्मा फुल्यांनी, भटशाही नाकारली, मूर्ती नाकारली, पण निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, ठेवला. कुंभोजला जैन घरात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील पुढे सत्यशोधक चळवळीत आले. घरच्या धर्माने नाकारलेला कर्ता चळवळीत पुन्हा भेटला, तेव्हा त्यांना काय वाटले असेल, असे कुतूहल मला नेहमी वाटते.

परंपरेने आम्हाला कुठल्या रकान्यात घातले, हेही थोडक्यात सांगते. मनुस्मृतीने वेदनिंदकाला नास्तिक म्हटले, म्हणून वेदप्रामाण्य न मानणारे आम्ही त्या मोजमापाने नास्तिक ठरलो. 8व्या शतकातले जैन आचार्य हरिभद्रसूरी यांनी सहा दर्शनांचा आढावा घेताना बौद्ध, न्याय, सांख्य, जैन, वैशेषिक आणि मीमांसा या साऱ्यांना आस्तिक म्हटले आणि लोकायताला, म्हणजे चार्वाकांच्या जडवादाला, वेगळे काढले, कारण त्यांची कसोटी आत्मा, पुनर्जन्म आणि मोक्ष यांची होती. त्या मोजमापाने मी पक्की आस्तिक ठरते. कोणती पट्टी लावायची हे आधी ठरवल्याखेरीज माझ्या बाजूचा निकाल लागणार नाही.

आता देवळाचे. आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सकाळी दूध, दही, उसाचा रस यांनी अभिषेक होतो, गंधोदक, म्हणजे अभिषेकाचे पाणी, कपाळाला लावले जाते आणि अष्टद्रव्यांची पूजा होते. दुरून पाहणाऱ्याला यात आणि शेजारच्या देवळातल्या पूजेत काहीच फरक दिसणार नाही. पण पूजेचे शब्द ऐकावेत. जल वाहायचे ते जन्म, जरा आणि मृत्यू यांच्या नाशासाठी. अक्षता वाहायच्या त्या अक्षयपदासाठी. नैवेद्य दाखवायचा तो भूक नावाच्या रोगाचाच नाश व्हावा म्हणून. समोरच्या मूर्तीने खाणे अपेक्षित नाही, आणि वाहिलेले द्रव्य आम्ही प्रसाद म्हणून परत घेत नाही. णमोकार मंत्रात अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू या पाच पदांना नमस्कार आहे. कोणा एकाचे नाव नाही आणि मागणे नाही. आचार्य समंतभद्रांनी स्वयंभूस्तोत्रात वासुपूज्य तीर्थंकरांना सांगितले आहे की, तू वीतराग, म्हणजे आसक्ती सुटलेला, असल्याने तुला पूजेशी कर्तव्य नाही, वैर टाकून दिल्याने निंदेशीही नाही. तरी तुझ्या गुणांची आठवण आमचे चित्त पापाच्या काजळापासून शुद्ध करते. हेच समंतभद्र आप्तमीमांसेच्या पहिल्याच श्लोकात तीर्थंकराला बजावतात की, देव तुझ्या भेटीला येतात, तू आकाशातून चालतोस, तुझ्यावर चवऱ्या ढाळल्या जातात, ही वैभवे मायावी लोकांपाशीही दिसतात, म्हणून त्यांच्यासाठी तू आम्हाला थोर नाहीस. ज्याची भक्ती करायची त्याच्याच चमत्कारांना असा निकालात काढणारा श्लोक अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरातही शोभेल.

हे झाले पोथीतले. प्रत्यक्षात तीर्थंकरांच्या शेजारी पद्मावती असते आणि गर्दी तिच्यापुढे अधिक असते. ती पार्श्वनाथ तीर्थंकरांची यक्षी, म्हणजे त्यांची सेवक-रक्षक देवता. सिद्धांताप्रमाणे स्वर्गातले देवही जन्ममरणाच्या फेऱ्यातच असतात आणि मोक्षासाठी त्यांनाही माणसाचा जन्म घ्यावा लागतो. म्हणजे या बाबतीत माणूस त्यांच्यापेक्षा वरचढ. परंतु तीर्थंकर काही देत नाहीत आणि लेकीचे लग्न तर जमायला हवे, तेव्हा बायका पद्मावतीची ओटी भरतात, आमच्या भागातल्या बसगाड्या कर्नाटकात हुमच्याला तिच्या दर्शनाला जातात. उत्तरेकडच्या तेरापंथी दिगंबरांनी अशा देवतांच्या पूजेला 17व्या शतकापासून विरोध केला. आमच्याकडे तो रुजला नाही. यात नवल वाटू नये. जिनसेनांचा शिष्य अमोघवर्ष याने प्रजेवरचे अरिष्ट टळावे म्हणून महालक्ष्मीला आपले बोट कापून वाहिले, असे संजानचा ताम्रपट सांगतो. इतक्या धारदार युक्तिवादाचा गुरू लाभूनही संकटात राजाला देवी आठवली, तर ऊस वाळत असताना आमच्या गावाने काय करावे?

आणखी एक गोष्ट मला खटकते. वाद तापला की कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणते, "तुमचा अनेकांतवाद आहे ना, मग दोघांचेही बरोबर म्हणून टाका." अनेकांतवाद म्हणजे भांडण मिटवण्याचे गुळमुळीत वाक्य नव्हे. वस्तूला अनेक अंगे असतात आणि विधान करताना ते कोणत्या अपेक्षेने केले हे सांगावे लागते, एवढे तो म्हणतो. एकाच अपेक्षेने 'आहे' आणि 'नाही' दोन्ही खरे, असे तो म्हणत नाही. कर्ता नाही, हे सांगताना जिनसेनांनी कोणाचीही मर्जी सांभाळलेली नाही.

आता नास्तिक स्नेह्यांच्या बाजूने बोलते, कारण त्यांनी विचारायला हवा तो प्रश्न ते सहसा विचारत नाहीत. कर्ता नाकारून आम्ही सुटलो, असे त्यांना वाटते. आम्ही सुटलेलो नाही. तीर्थंकर सर्वज्ञ असतात, तिन्ही काळांतले सर्व काही त्यांना प्रत्यक्ष दिसते, हा आमचा दावा आहे. वेद मानणाऱ्या पण सृष्टिकर्ता न मानणाऱ्या कुमारिल भट्टांनी त्यावर कडक हल्ला केला होता. समंतभद्रांचे अनुमान असे की, सूक्ष्म, काळाने झाकलेल्या आणि दूरच्या वस्तू अनुमानाने जाणता येतात, म्हणून त्या कोणाला तरी प्रत्यक्ष दिसत असल्याच पाहिजेत, जसा अनुमानाने कळलेला अग्नी कोणाला तरी दिसतो. हे मला पटत नाही. डोंगरापलीकडचा अग्नी जाऊन पाहता येतो. अनुमानाने कळणारी प्रत्येक वस्तू कोणीतरी पाहिलेली असलीच पाहिजे, असा नियम त्यावरून निघत नाही, आणि एकच जण सगळे पाहतो हे तर मुळीच निघत नाही.

कर्माचे प्रकरण याहून गंभीर आहे. दुःख का, या प्रश्नाने जिनसेनांनी कर्त्याला कोंडीत पकडले, पण आमच्या उत्तरात ते दुःख ज्याचे त्याच्याच डोक्यावर येऊन पडते. एका चातुर्मासातल्या प्रवचनात, पुढच्याच रांगेत एक बाई आपल्या चालता न येणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली असताना, पूर्वजन्मीच्या पापाने अवयव कसे जातात याचे सविस्तर वर्णन झाले. सिद्धांत ग्रंथांत आहे तसाच सांगितला गेला, वक्त्यांचा सूरही कोमल होता. ती बाई पदर सारखा करत राहिली आणि मधेच उठून गेली. ईश्वरावर रागावण्याची तरी सोय आस्तिकाला असते. तिला तीही नव्हती. कर्मसिद्धांताला पुरावा नाही, हा आक्षेप मी मान्य करते, पण माझी खरी तक्रार त्याच्या या वापराशी आहे. स्वतःच्या वागण्याची जबाबदारी स्वतः घेण्यासाठी मी तो बाळगते. दुसऱ्याच्या दुःखाचे कारण सांगायला तो वापरणे मला निषिद्ध वाटते, आणि हे मी बस्तीतल्या मंडळींनाही सांगितले आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आपला विरोध देवाधर्माला नसून शोषणाला आहे, असे सांगत आले. 2013 साली त्यांच्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदाही झाला, तेव्हा धर्माच्या नावाने त्याला विरोध करणाऱ्यांनी आम्हालाही आपल्यात धरले होते. मला त्यात उभे राहण्याचे काही कारण दिसले नाही. जिनसेन आणि समंतभद्र वाचलेल्या माणसाला चमत्काराच्या बाजूने बोलता येत नाही. दुसरीकडे, स्नेह्यांच्या सभेत 'देवळे म्हणजे दुकाने' अशी घोषणा झाली की तीही मी देत नाही, कारण मी ज्या मूर्तीपुढे उभी राहते तिच्याकडून मला काही मिळणार नाही, हे मला आणि पोथीलाही ठाऊक आहे. मी पूजेला जाते ती समंतभद्रांच्या त्या गुणस्मरणाच्या श्लोकापुरती. सर्वज्ञतेच्या अनुमानाला मान डोलावत नाही. आई पद्मावतीची ओटी भरत असे, मी भरत नाही. बस्तीत जी भरते तिच्या ताटात खण-नारळ मात्र मी नीट लावून देते.